कपाटभर पुस्तकं आणि ती देण्याचा खर्च

माणूस गेला की त्याचे कपडे महिन्याभरात मार्गी लागतात. काठी, चाकाची खुर्ची कुणीतरी मागून नेतं. पुस्तकं मात्र राहतात. वर्षश्राद्ध होऊन जातं, तरी राहतात. मग एके दिवशी सोसायटीच्या पुनर्विकासाचं पत्र येतं. तीन महिन्यांत घर रिकामं करायचं असतं, भाड्याची जागा आधीच्यापेक्षा लहान मिळालेली असते, आणि घरातल्या सगळ्यांची नजर एकदम त्या कपाटांकडे वळते. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी इथल्या जुन्या तीन-चार मजली इमारती एकामागून एक पाडायला निघाल्यापासून हे कितीतरी घरांत घडतं आहे. त्या घाईत पहिला फोन जातो तो रद्दीवाल्याला.

रद्दीवाल्याबद्दल माझी तक्रार नाही. तो त्याचं काम चोख करतो. पण त्याच्या काट्यावर केतकरांच्या ज्ञानकोशाचा खंड आणि दहावीचं गाईड एकाच भावाने जातं, आणि गेलेलं परत आणता येत नाही. उलट टोकाची घरंही मी पाहिली आहेत. वडिलांची सगळी पुस्तकं आहेत तशी, एकाच वाचनालयात, त्यांच्या नावाच्या स्वतंत्र कपाटात राहावीत असा आग्रह धरून ती माणसं दोन-दोन वर्षं दारोदार विचारत राहतात. शेवटी थकून तीही रद्दीवाल्यालाच बोलावतात.

उपनगरातल्या एका वाचनालयात देणगीच्या पुस्तकांचं काम मी बरीच वर्षं पाहते आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगते. पुस्तकं फुकट देण्यालाही पैसे लागतात. ते पैसे सुरुवातीलाच बाजूला काढा, आणि त्यातला पहिला खर्च यादीवर करा. एवढं केलं तर बाकीचं जमतं.

आधी वजन, मग पैसे

दोनशे-सव्वादोनशे पानांचं साधं पुस्तक पाव किलोपासून तीनशे ग्रॅमपर्यंत भरतं. पुठ्ठाबांधणीचे जाड ग्रंथ मिळवले की सरासरी साडेतीनशे ग्रॅमवर जाते. म्हणजे १,२०० पुस्तकांचा संग्रह झाला सव्वाचारशे किलोंच्या आसपास. आयुष्यभर वाचणाऱ्या माणसाच्या घरात एवढी पुस्तकं सहज निघतात. चार कपाटं आणि माळ्यावरचे खोके, एवढाच तो पसारा.

हे सगळं सरसकट रद्दीत घातलं तर काय मिळेल? रद्दीचा भाव वस्तीनुसार आणि महिन्यानुसार हलतो, आणि पुस्तकांना वर्तमानपत्रापेक्षा कमीच मिळतो. किलोला १० रुपये धरा. सगळ्या संग्रहाचे ४,२०० रुपये. चौघांच्या हॉटेलच्या जेवणाएवढे.

आता ठेवून देण्याचा खर्च पाहा, कारण तोही खर्चच आहे. तीन फूट रुंद, सव्वा फूट खोल कपाट आणि त्याची दारं उघडायला लागणारी जागा मिळून सात-आठ चौरस फूट जातात. उपनगरात चौरस फुटाला महिन्याचं भाडं ६० रुपये धरलं, तर एका कपाटाला साडेचारशे-पावणेपाचशे रुपये. चार कपाटांचे महिन्याला जवळजवळ १,९०० रुपये. पुनर्विकासाची तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची झाली, तर नुसती पुस्तकं उभी करायला ६५ ते ७० हजारांची जागा लागते. एखाद्याला ते परवडत असेल आणि त्या पुस्तकांशेजारी बसून बरं वाटत असेल, तर जरूर ठेवावीत. दुःखात असलेल्या माणसाला घाई करू नये, पहिले काही महिने तर मुळीच नाही. पण 'नंतर बघू' म्हणून ठेवलेली पुस्तकं मुंबईच्या दोन पावसाळ्यांत कसर, बुरशी आणि वाळवीला बळी पडतात. मग देतो म्हटलं तरी कुणी घेत नाही.

नीट देण्याचा खर्च साधारण असा येतो. समजा, १,२०० पुस्तकांतली १५० घरच्यांनी ठेवली, १०० नातेवाईक आणि मित्रांकडे गेली, ५० वेगळ्या मोलाची निघाली, ६०० वाचनालयांना द्यायची आहेत, आणि ३०० खरोखरच रद्दीची आहेत. यादी करायला महाविद्यालयातला एखादा वाचणारा मुलगा किंवा मुलगी बसवली, तासाला चाळीस पुस्तकं नोंदली, दिवसाचे सहा तास काम झालं, तर पाच दिवस लागतात. दिवसाचे ७०० रुपये धरून ३,५०० रुपये. वापरलेले पण धड वीस खोके, नगाला ४० रुपये, म्हणजे ८००. चिकटपट्टी, मार्कर, हातमोजे, मास्क, कोरडी फडकी यांना ५००. नावाचा रबरी शिक्का ३००. उपनगरातून दादर किंवा ठाण्यापर्यंत छोटा टेम्पो २,०००. चढवायला-उतरवायला दोन माणसं १,६००. टपालाने पाठवायच्या पुस्तकांना १,०००. आणि ज्या वाचनालयाने पुस्तकं घेतली त्याला ५,००० रुपयांची देणगी. एकूण १४,७०० रुपये. रद्दीचे हजारभर परत येतील. राहिले साडेतेरा हजारांच्या आसपास.

हे अंदाजाचे आकडे आहेत. तिसऱ्या मजल्यावर घर आणि लिफ्ट नाही, असं असेल तर हमालीत वाढ धरा. यादी घरच्यांनीच केली आणि वाचनालय रिक्षाच्या अंतरावर असेल, तर पाच-सहा हजार वाचतात. भावंडं असतील तर हा खर्च आधीच वाटून घ्या. पुस्तकांवरून भांडण झालेलं मी क्वचित पाहिलं आहे. टेम्पोचे पैसे कुणी दिले यावरून मात्र पाहिलं आहे.

वाचनालयाला देणगी का हवी

देणगीदारांना सगळ्यांत जास्त खटकतो तो हा ५,०००चा आकडा. 'पुस्तकं देतोय, वर पैसेही द्यायचे?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढतं, त्याला क्रमांक पडतो, वर्गीकरण होतं, शिक्के बसतात, कव्हर घालावं लागतं, बांधणी सुटलेली असेल तर बाइंडरकडे जातं, आणि शेवटी त्याला फळीवर जागा लागते. या प्रत्येक पायरीला माणूस आणि पैसा लागतो. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्यानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि त्याप्रमाणे अनुदान मिळतं. २०२२च्या अखेरीस राज्य सरकारने हे अनुदान ६० टक्क्यांनी वाढवायचा निर्णय घेतला, आणि त्या वाढीनंतर ड वर्गाचं वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार झालं. वर्षाचे ४८ हजार, म्हणजे महिन्याचे चार हजार. त्यात ग्रंथपालाचं मानधन, वीज, वर्तमानपत्रं आणि नवी पुस्तकं. अशा ठिकाणी तुम्ही शंभर पुस्तकं आणि सोबत दोन हजार रुपये दिलेत, तर ती पुस्तकं लवकर लोकांच्या हातात पडतात. नुसती पुस्तकं दिलीत तर ती कोपऱ्यात खोक्यातच राहण्याची शक्यता मोठी.

एक खुलासा. '८०जी' म्हणून आपण ओळखतो ती प्राप्तिकराची सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूच्या नाही. पुस्तकांची किंमत लावून पावती मागू नका. ती कर वाचवायला उपयोगी पडत नाही. पैशाची देणगी चेकने किंवा ऑनलाइन द्या, कारण २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ही सवलत नाही. नवी करप्रणाली निवडली असेल तर तीही मिळत नाही.

यादी

पहिल्या दिवशी यादी करू नका. पहिल्या दिवशी फक्त फोटो काढा. प्रत्येक फळीचा, पुस्तकांचे कणे वाचता येतील असा, एकेक फोटो. पुस्तकं जशी लावलेली होती तशीच. गेलेल्या माणसाने कशाशेजारी काय ठेवलं होतं, हे एकदा कपाट हललं की कायमचं जातं.

मग प्रत्येक पुस्तक उचलून, कण्याला धरून, पानं खाली करून हलवा. हे काम दुसऱ्यावर सोपवू नका. पुस्तकांतून पत्रं निघतात, फोटो निघतात, मुदतठेवीच्या पावत्या आणि शेअरची जुनी कागदी प्रमाणपत्रं निघतात. आधीच्या पिढीने पुस्तकाचा उपयोग फायलीसारखा केला आहे. दुसऱ्या वाचनालयाचा शिक्का असलेली पुस्तकंही निघतील. ती तुमची नव्हेत. निमूटपणे परत नेऊन द्या, वाचनालयवाले खूश होतात.

यादीत फार रकाने नकोत. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती, स्थिती, आणि शेवटचा रकाना 'विशेष'. लेखकाची सही, अर्पण, समासातल्या नोंदी हे सगळं या शेवटच्या रकान्यात. तुमच्या वडिलांनी किंवा आजीने समासात काय लिहिलं आहे ते वाचत बसलात तर यादी महिनाभर संपणार नाही. वाचा, पण आधी नोंद करा.

ही यादी हातात असली की फोनवरचं संभाषण पार बदलतं. 'आमच्याकडे खूप पुस्तकं आहेत, घेता का?' या प्रश्नाला कुठलंही वाचनालय 'नको' म्हणतं. 'यादी पाठवते, तुम्हाला हवी त्यावर खूण करा' म्हटलं की ग्रंथपाल वेळ काढतात. त्यांच्याकडे काय नाही हे त्यांना पाठ असतं.

काय कुणाला

मराठी कादंबऱ्या, कथासंग्रह, चरित्रं, प्रवासवर्णनं, नाटकं यांना घर मिळतं. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघाचं ग्रंथालय आहे. पार्ल्यात लोकमान्य सेवा संघाचं, म्हणजे टिळक मंदिरातलं आहे; ही संस्था १९२३ची. गोरेगावला केशव गोरे स्मारक आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झालं. त्याचं मुख्यालय दादरला आहे आणि शाखा उपनगरांतही आहेत. मुलुंडकरांना ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय जवळ पडतं, ते तर १८९३चं. हलक्या वाहनांचा मुंबईच्या पाचही नाक्यांवरचा टोल ऑक्टोबर २०२४मध्ये माफ झाल्यापासून छोट्या टेम्पोच्या हिशेबातला तोही आकडा गेला. यातली प्रत्येक संस्था प्रत्येक वेळी देणगी घेईलच असं नाही. जागा आणि आधीच्या प्रती पाहून ती ठरवते, आणि तिने तसं ठरवणं योग्यच आहे. टेम्पो दारात नेऊन उभा करणं हा त्या संस्थेवर अन्याय आहे.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत मिश्र संग्रह पुष्कळ सापडतात. शेजार गुजराती, त्यामुळे घरात गुजराती पुस्तकंही. त्यांच्यासाठी जुहू-पार्ल्याच्या फार्बस गुजराती सभेकडे विचारा. ही १८६५ साली मुंबईत स्थापन झालेली संस्था आहे. विद्यापीठीय विषयांचे ग्रंथ असतील तर कालिन्याचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय किंवा त्या विषयाचा विभाग असलेलं जवळचं महाविद्यालय. तिथे मात्र दहा वर्षांपूर्वीची पाठ्यपुस्तकं कुणी घेणार नाही.

काही गोष्टी कुणालाच नको असतात, आणि त्या महागड्या होत्या म्हणून घरच्यांना हे फार लागतं. मराठी विश्वकोशाचे खंड प्रत्येक जुन्या वाचनालयात आहेत आणि आता ते इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. भारतीय संस्कृतिकोशाच्या दहा खंडांचंही बहुतेक ठिकाणी तसंच. ते एखाद्या शाळेला चालतात का विचारून पाहा. कायद्याची, कराची, संगणकाची जुनी पुस्तकं, रीडर्स डायजेस्टच्या संक्षिप्त कादंबऱ्या, वाळवी लागलेलं काहीही, हे रद्दीत जाऊ द्या. वाळवीचं पुस्तक चांगल्या खोक्यात घालून पाठवलं तर ते दुसऱ्याचं कपाट खातं. पोथ्या रद्दीत टाकायला मन धजत नाही. छापील पोथ्या गावच्या देवळात किंवा पारायण करणाऱ्या मंडळात मागून नेतात.

मासिकांबद्दल मात्र थांबा. दिवाळी अंक वाचनालयं घेत नाहीत, कारण ते ढिगाने येतात. पण 'सत्यकथे'ची सलग वर्षं, साठच्या दशकातल्या लघुनियतकालिकांचे अंक, 'मनोरंजन' किंवा 'विविधज्ञानविस्तार'चा एखादा बांधीव खंड हाती लागला, तर तो संशोधकाच्या कामाचा आहे. 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला मराठी दिवाळी अंक काढला. अशा अंकाची पिवळी पडलेली, कव्हर नसलेली प्रतसुद्धा रद्दी नव्हे. एखादं जुनं पुस्तक किती दुर्मीळ आहे, याचा पहिला अंदाज शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'वरून येतो. तिच्या पहिल्या भागात १८००पासून १९३७पर्यंतच्या पुस्तकांची नोंद आहे, आणि मोठ्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात ती बघायला मिळते. या खटपटीला पैसे लागत नाहीत, अर्धा दिवस लागतो.

हस्तलिखित पोथ्या निघाल्या तर त्या विकायच्या भानगडीत पडू नका. वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोलाचं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलामुलींनी आजोबांची आठवण म्हणून तशी पोथी बॅगेत घालू नये. पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था किंवा मुंबईची एशियाटिक सोसायटी यांना फोटो पाठवून विचारा.

अखंड ठेवण्याचा आग्रह

संग्रह अखंड राहिल्याची उदाहरणं आहेत, आणि ती आठवूनच घरचे हट्ट धरतात. भाऊ दाजी लाडांचं १८७४ साली निधन झालं. त्यांनी जमवलेली हस्तलिखितं एशियाटिक सोसायटीत त्यांच्या नावाने आहेत. इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या ३१ डिसेंबरला धुळ्यात गेले, आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या लोकांनी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं करून त्यांचे कागद सांभाळले. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. त्या संग्रहातली बरीच पुस्तकं पुढे सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आली. दामोदर धर्मानंद कोसंबींचा संग्रह दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आहे.

हे संग्रह मोठ्या माणसांचे होते, हे एक कारण झालं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एका प्रश्नाचा पाठलाग करत ते जमले होते. त्यातलं एक पुस्तक दुसऱ्याशेजारी असण्यालाच अर्थ होता. आपल्या घरातल्या संग्रहात कादंबऱ्या आहेत, पाककृती आहेत, भेट आलेली पुस्तकं आहेत. ते वेगवेगळ्या हातांत गेल्याने काहीच बिघडत नाही. उलट एकाच शाखेत चारशे पुस्तकं कोंबण्यापेक्षा चार ठिकाणी शंभर-शंभर दिली तर ती जास्त वाचली जातात.

पण प्रत्येक वाचणाऱ्या माणसाच्या घरात अशी एखादी फळी असते, की जिथे त्यानेही कशाचातरी पाठलाग केलेला असतो. रेल्वेतल्या कारकुनाने जमवलेली कोकणातल्या गावांची ग्रामदैवतं. शिक्षिकेने साठवलेली मुलांची गाणी. घाटकोपर-विक्रोळीच्या पट्ट्यात कामगार संघटनांत वावरलेल्या माणसाकडे १९८२च्या गिरणी संपाच्या आगेमागेची पत्रकं, अहवाल आणि पुस्तिका निघतात. त्या संपाचे नेते दत्ता सामंत यांचा दवाखाना घाटकोपरच्या पंतनगरात होता, हे विसरू नये. असा गठ्ठा शंभर रुपयांचाही दिसत नाही, पण तो दुसरीकडे कुठेही नसतो. त्याला तेवढ्यापुरतं अखंड ठेवा. तो देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेला, विद्यापीठाच्या विभागाला किंवा त्या विषयावर काम करणाऱ्या माणसाला द्यायला चार फोन जास्त करावे लागले तर करा. माझ्या मते सगळ्या खटपटीतला सगळ्यांत मोलाचा वेळ तो आहे.

नाव टिकवायचं असेल तर कपाटाऐवजी शिक्का करा. 'अमुक यांच्या संग्रहातून' एवढा मजकूर, पहिल्या पानाच्या आतल्या बाजूला. तीनशे रुपयांत ते नाव चार वाचनालयांतल्या सहाशे घरांपर्यंत पोचतं. देणगीपत्रात मात्र एक वाक्य आवर्जून लिहा: दुबार किंवा नको असलेली पुस्तकं दुसऱ्या संस्थेला देण्याची, विकण्याची मोकळीक संस्थेला आहे. या वाक्यामुळे ग्रंथपालाचा जीव भांड्यात पडतो आणि पुस्तकं घेतली जातात.

विकायची असतील तर

विकण्यात गैर काही नाही. मात्र अपेक्षा माफक ठेवा. जुन्या पुस्तकांचे विक्रेते छापील किमतीकडे पाहत नाहीत, खपेल का एवढंच पाहतात. सरसकट गठ्ठा घेणारा पुस्तकामागे दहा ते तीस रुपये देतो. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पदपथावर आणि फोर्टात हुतात्मा चौकाच्या परिसरात जुनी पुस्तकं विकणारे आहेत. त्यांचा भर इंग्रजीवर असतो. घरी बोलावलेला विक्रेता वीस उत्तम पुस्तकं वेचून चांगला भाव देतो आणि बाकीचा ढीग तुमच्याकडे ठेवून जातो, हे कायमचं आहे. म्हणून आधी ठरवा: एक तर सगळा गठ्ठा, नाहीतर यादीतलं निवडक, प्रत्येकाची किंमत लिहून.

इंटरनेटवर स्वतः विकली तर एकेका पुस्तकाला जास्त मिळतात, पण प्रत्येक विक्रीमागे फोटो, चौकशी, पॅकिंग, पोस्टाची फेरी येते. निवृत्त माणसाला यात रस असेल तर छानच. नोकरी करणाऱ्याने पन्नासच्या वर जाऊ नये. आणि पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका असं कुणी सांगितलं, तर तो व्यवहार तिथेच थांबवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

गावाकडे पाठवायची तर

मुंबईतल्या वाचनालयांना नको असलेल्या चांगल्या पुस्तकांना गावाकडे मागणी आहे. टपाल खात्याने १ मे २०२५पासून 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू केली. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी ती आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोंपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पाच किलोंत साधारण चौदा-पंधरा पुस्तकं बसतात, म्हणजे पुस्तकामागे सात रुपये. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव असावं लागतं, जाहिरातींचा मजकूर चालत नाही. खिडकीवर जाताना वजन घरी करून जा, पाचच्या वर गेलं की फेरी फुकट.

गावाला जाणारं कुणी असेल तर त्याहून स्वस्त. लांब पल्ल्याच्या गाडीत स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो आणि सेकंड क्लासच्या तिकिटावर ३५ किलो सामान विनाशुल्क नेता येतं. मे महिन्यात कोकणात जाणाऱ्या दोघांनी एकेक खोका नेला तर तीस किलो पुस्तकं एकही रुपया न लागता पोचतात. फक्त तिथल्या शाळेला किंवा वाचनालयाला आधी विचारलेलं असू द्या.

साताऱ्याचं भिलार ४ मे २०१७पासून 'पुस्तकांचं गाव' झालं, तेव्हापासून अनेकांना आपली पुस्तकं तिथेच जावीत असं वाटतं. तो उपक्रम राज्य मराठी विकास संस्थेचा आहे, विचारणा तिच्याकडे करावी. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या विनायक रानडे यांच्या उपक्रमाने २००९पासून शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांत फिरवल्या. ही कल्पना स्वतःच्या सोसायटीतही चालते. एक पेटी, शंभर पुस्तकं, एक वही. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने भरवलेल्या पुस्तक आदान-प्रदानाच्या कार्यक्रमांत आपली पुस्तकं देऊन दुसरी आणणारे लोक पाहिले, की वाचक संपले आहेत हे म्हणणं मला पटत नाही.

पुस्तकं हलवायचं काम जूनच्या आधी किंवा दिवाळीनंतर करा. पावसात टेम्पोची ताडपत्री कितीही चांगली असली तरी खालचे खोके भिजतात. खोका पंधरा किलोंच्या वर भरू नका. बाटलीबंद पाण्याचा खोका त्या मापाला बरोबर पुरतो. पुस्तकं आडवी ठेवा, कणा एकआड एक, आणि खोक्यावर फक्त क्रमांक लिहा. त्या क्रमांकासमोर आत काय आहे ते यादीत.

गेलेल्या माणसाचं स्वतःचं लिखाण, म्हणजे रोजनिशी, अप्रकाशित कविता, भाषांतराच्या वह्या, हे मात्र पुस्तकांच्या खोक्यात जाऊ देऊ नका. त्याचे हक्क वारसांकडे येतात, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रकाशित झालेल्या लिखाणाचे ते प्रकाशनापासून ६० वर्षं टिकतात. वही दुसऱ्याला दिली म्हणून हक्क जात नाहीत, पण वही हरवली तर ते लिखाणच जातं. पानाला दोन-तीन रुपये देऊन सगळ्याची झेरॉक्स काढा, मोबाइलने फोटोही काढून ठेवा, आणि एखाद्या संस्थेला किंवा अभ्यासकाला मूळ वही द्यायची झाली, तर ती कशासाठी आणि किती दिवसांसाठी दिली हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.